आत किती, बाहेर किती

अलॉय रिम पालथी घातली की आऱ्यांच्या मागच्या बाजूला काही अक्षरं ओतलेली सापडतात : ‘१५ × ७जे’, ‘ईटी २५’, ‘जेडब्ल्यूएल’, आणि किलोमध्ये कमाल भार. दुकानात मात्र रिम तोंड पुढे करून टांगलेली असते. गिऱ्हाईक पाहतं ते रंग, आऱ्यांची नक्षी आणि काठाची चकाकी. पाठ वाचणारे थोडे. भांडण होतं ते पाठीवरच्या या आकड्यांवरूनच, आणि तेही बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर.

आमच्या घरातलं भांडण पैसे देण्याआधी झालं, एवढं बरं. भाच्याने सुपेल्यात जीई रोडवरच्या एका दुकानात रिमा पसंत करून थोडे पैसे टोकन म्हणून ठेवले होते. गाडी जुनी स्विफ्ट, सीजी ०७ पासिंगची. पोरगा रोज रायपूरला कामाला जातो आणि सवड मिळाली की नागपूरची वारी करतो. मामा भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले. हातात मोजपट्टी नसेल तर त्यांना चहाही गोड लागत नाही.

भिलाईत मराठी माणसं कुठून आली, असं पुण्याकडची मंडळी हटकून विचारतात. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूरच होती. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, कारखाना उभा राहू लागला, तेव्हा नागपूर-भंडाऱ्याकडची पोरं इकडे कामाला आली आणि इथलीच होऊन गेली. आमचं बोलणं म्हणून असं मिसळीचं आहे. खालच्या संवादात मी मधेमधे तोंड घातलंय, तेवढं चालवून घ्यावं.

भाचा : मामाजी, आधी गाडीकडे बघा. कंपनीची चाकं कशी मडगार्डच्या आत घुसून बसली आहेत. मागून पाहिलं तर गाडी मोठी आणि चाकं सायकलची वाटतात. मला ती फक्त बाहेर, मडगार्डच्या काठाशी आणायची आहेत. याला स्टान्स म्हणतात.

मामा : दिसण्याबद्दल मी काहीच म्हणत नाही. तुझी गाडी, तुझी हौस. दुकानदारानं रिम कोणती दाखवली ते सांग.

भाचा : पंधरा इंची, सात जे, ईटी पंचवीस. पीसीडी चार बाय शंभर, म्हणजे स्विफ्टचीच. तो तर म्हणाला, ‘भैया, आँख बंद करके लगवा लो.’

मामा : डोळे मिटून लावायला सांगतो, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असणार.

भाचा : पीसीडी जुळली की झालं ना?

मामा : पीसीडी म्हणजे नट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती. ती जुळली की रिम हबवर चढते. चढल्यावर ती कुठं उभी राहते, हे ऑफसेट सांगतो. तुझ्या जुन्या रिमवर काय लिहिलंय?

भाचा : साडेपाच जे, ईटी पंचेचाळीस.

इथे वाचकासाठी थांबतो. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य धरा. रिमचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. रिमवर ‘ईटी’पुढे असतो तो हाच आकडा. टेकणारा भाग मध्यापासून बाहेर, रस्त्याकडच्या बाजूला असेल तर आकडा अधिक. आतल्या बाजूला असेल तर उणे. मध्यावरच असेल तर शून्य. पुढची चाकं ओढणाऱ्या आजच्या छोट्या गाड्यांत तो बहुधा पस्तीस ते पन्नासच्या दरम्यान, अधिकच असतो. आकडा उतरला की चाक बाहेर येतं, चढला की आत जातं. लोक नेमकं उलटं धरतात. ‘ऑफसेट वाढवला’ म्हणत चाक बाहेर काढल्याचं कौतुक सांगणारे मी जीई रोडवर बरेच ऐकले आहेत.

मामा : आता कागद आण. साडेपाच जे म्हणजे टायर जिथं बसतं त्या दोन कडांमधलं अंतर साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. निम्मे सत्तर धर. टेकणाऱ्या भागापासून आत किती? सत्तर अधिक पंचेचाळीस, एकशे पंधरा. बाहेर किती? सत्तर उणे पंचेचाळीस, पंचवीस. आता तुझी नवी कर.

भाचा : सात इंच म्हणजे १७७.८. निम्मे एकोणनव्वद. आत एकोणनव्वद अधिक पंचवीस, एकशे चौदा. बघा मामाजी! एकशे पंधराचे एकशे चौदा झाले. शॉकअपपासून उलट एक मिलिमीटर लांब गेली. म्हणून तर तो म्हणतो, घासणार नाही.

मामा : आतलं सांगितलंस. बाहेरचं?

भाचा : एकोणनव्वद उणे पंचवीस... चौसष्ट.

मामा : पंचवीसचे चौसष्ट. एका बाजूला एकोणचाळीस मिलिमीटर, दीड इंच. दोन्हीकडचे मिळून गाडी तीन इंच रुंद झाली.

भाचा : तेच तर पाहिजे!

दुकानदार खोटं बोलला नव्हता, हे इथं नोंदवतो. ‘बसते’ या त्याच्या बोलण्याचा अर्थ ‘आत घासत नाही’ एवढाच असतो, आणि तो खरा होता. दीड इंच सगळा बाहेर गेला, हे त्याला कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

भाचा : पण तुम्ही रिम मोजून राहिले, घासतं तर टायर. टायर मी एकशे पंच्याण्णव साठ पंधराच टाकणार आहे. ते काही दीड इंच बाहेर निघत नाही.

मामा : हे बरोबर बोललास. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतं. तुझं आत्ताचं एकशे पंच्याऐंशी टायर साडेपाच रिमवर एकशे पंच्याऐंशीच भरतं. एकशे पंच्याण्णव टायर सहाच्या रिमवर मोजलेलं असतं, सातावर ते दोनशे पाचच्या घरात जातं. निम्मे एकशे अडीच, उणे पंचवीस, साडेसत्त्याहत्तर. जुन्याचे निम्मे साडेब्याण्णव, उणे पंचेचाळीस, साडेसत्तेचाळीस. म्हणजे टायर तीस मिलिमीटर बाहेर आणि रिमचा काठ त्याहून जास्त. फुटपाथला गाडी लावताना आधी काय खरचटेल ते बघ.

भाचा : मी फुटपाथला लावत नाही.

मामा : नागपूरला तुझ्या मावशीच्या गल्लीत लावतोस ना?

यावर थोडा वेळ शांतता होती. पण भाचा इतक्यात हार मानणारा नाही.

भाचा : बरं, तीस मिलिमीटर बाहेर. मडगार्डचा काठ आतून थोडा वाकवून घेता येतो, सगळे घेतात. चाकं जितकी लांब-लांब, तितकी गाडी वळणावर कमी कलते. शर्यतीच्या गाड्या उगाच रुंद नसतात. तुम्ही सगळं बिघडणारच अशा सुरात बोलता.

मामा : वळणावर कमी कलते, हे खरं आहे. मी कुठं नाही म्हटलं? शर्यतीच्या गाडीत चाक बाहेर काढतात तेव्हा हब, आर्म, स्ट्रट, स्टिअरिंगचा रॉड सगळं त्या चाकाच्या मापानं बदललेलं असतं. तू फक्त चाक बदलून राहिलास. बाकी सगळं पंचेचाळीसच्या हिशेबानं उभं आहे.

आता मामांनी जो मुद्दा काढला तो दुकानांत कुणी काढत नाही, म्हणून तो नीट मांडतो. पुढचं चाक स्टिअरिंग फिरवल्यावर एका रेषेभोवती वळतं. ही रेषा वर स्ट्रटच्या माथ्यातून आणि खाली लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमधून जाते, आणि ती तिरपी असते. तशीच खाली वाढवली तर रस्त्याला एका ठिकाणी टेकते. टायरचा तळवा रस्त्याला टेकतो त्याचा मध्य हे दुसरं ठिकाण. या दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. तळव्याचा मध्य रेषेच्या आतल्या बाजूला असला तर तो उणे, बाहेर असला तर अधिक. ऑडीने १९७२ साली आणलेल्या ८० या गाडीत मुद्दाम उणे ठेवलेला स्क्रब रेडियस गाजला, आणि पुढे अनेक कंपन्यांनी तो उचलला. कारण असं : ब्रेकचे पाइप तिरप्या जोडीत असतात, पुढचं एक आणि मागचं समोरचं एक. एक जोडी निकामी झाली तर पुढचं एकच चाक धरतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. स्क्रब रेडियस उणे असेल तर धरणारं चाक स्वतःच किंचित उलट दिशेला वळून तो ओढा सावरून घेतं.

मामा : ब्रेक निकामी होणं दूरची गोष्ट. डोंगरगढकडे जाताना समोरून ट्रक आला, तू डावं चाक मुरुमावर उतरवलंस, उजवं डांबरावर. आता ब्रेक मार. डांबरावरचं चाक जास्त धरणार, गाडी उजवीकडे, ट्रककडे ओढणार. कंपनीच्या मापात स्टिअरिंग ते थोडं सावरून घेतं. तुझ्या मापात तळवा वीस मिलिमीटर बाहेर गेला. उणेचा अधिक झाला तर स्टिअरिंगही ट्रककडेच ओढेल.

भाचा : वीस कसा? तुम्ही आत्ता तीस म्हणाले, त्याआधी एकोणचाळीस.

मामा : रुंदी दोन्ही बाजूंना सारखी वाढते, मध्य हलवत नाही. मध्य हलतो तो फक्त ऑफसेटनं. पंचेचाळीस वजा पंचवीस. काठ मडगार्डला घासतो, टायर चिखल उडवतं, आणि मध्य गाडी चालवतो. तीन आकडे वेगळे आहेत, बेटा, एकात घालू नको.

सगळ्या संवादातलं हे वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं. ऑफसेट तोच ठेवून रिम रुंद केली तर तळव्याचा मध्य जिथल्या तिथे राहतो. रुंदी तीच ठेवून ऑफसेट उतरवला तर काठ आणि मध्य सारखेच सरकतात. दोन्ही एकदम बदललं की हिशेब मांडल्याशिवाय काही कळत नाही, आणि अलॉय विकत घेताना बहुतेक वेळा दोन्ही एकदमच बदलतं.

भाचा : मग अलाइनमेंट कशासाठी असतं? रिमा टाकल्यावर करून घेईन. मशीनवर सगळं हिरवं आलं की संपलं.

मामा : त्या स्क्रीनवर कॅम्बर असतो, कॅस्टर असतो, टो असतो. तिन्ही कोन आहेत. रिम बाहेर सरकल्यानं त्यातला एकही हलत नाही. चाक दीड इंच बाहेर असलं तरी स्क्रीन हिरवीच राहील. तुला पाहिजे ते अंतर त्या मशीनवर दिसतच नाही.

भाचा : ...हे मला ठाऊक नव्हतं.

मामा : आणि बेअरिंग. हबमध्ये गोट्यांच्या दोन ओळी असतात. गाडीचं वजन त्या दोन ओळींच्या मधून खाली जावं असं माप धरलेलं असतं. चार माणसं बसली की तुझ्या पुढच्या एका चाकावर चारशे किलोच्या आसपास वजन येतं. ते दोन सेंटिमीटर बाहेर नेलंस. गाडी उभी असतानाच आठ किलोग्रॅम-मीटरचा पीळ जास्त. खड्ड्यात आदळली की त्याच्या कितीतरी पट.

भाचा : बेअरिंग बदलता येतं, मामाजी. घूंघूं आवाज आला की बदलू. काही जीव जात नाही त्यानं.

इथे मी भाच्याच्या बाजूचा. बेअरिंग हा झिजण्याचा भाग आहे, आवाज करून सांगतो आणि मिळतो. मामांनी हा मुद्दा ताणला. त्यांची सवयच तशी, आणि ती कुठून आली ते पुढच्या बोलण्यात कळतं.

मामा : रेल्वेच्या चाकजोडीत दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर सोळाशे मिलिमीटर असतं. ब्रॉडगेज रूळ सोळाशे शहात्तरचा. त्या सोळाशेत फरक चालतो दोन-एक मिलिमीटरचा. तिथं वीस मिलिमीटर म्हणणाऱ्याला यार्डातसुद्धा उभं करत नाहीत.

भाचा : पण माझी गाडी रुळावर चालत नाही ना! रेल्वेच्या चाकाला कड असते, ते रुळाला धरून चालतं, त्याला हलायला जागाच नाही. गाडीच्या चाकाखाली रबर आहे, स्प्रिंग आहे. कंपनीच एका गाडीला दोन-तीन मापांच्या रिमा देते. तुमच्या हिशेबानं मग तीही चुकीचीच.

मामा : (थोडं थांबून) नाही. कंपनी देते ती तपासून देते.

भाचा : म्हणजे फरक चालतो. किती चालतो हे मोजायचं, एवढंच ना?

मामा : हो. एवढंच.

वादाला वळण लागलं ते इथे. तोवर एक जण ‘काहीही चालतं’ म्हणत होता आणि दुसरा ‘काहीच चालत नाही’. दोघंही मोजणं टाळत होते, मामांच्या हातात कागद असूनसुद्धा. मोजायला गाडीखाली जावं लागतं. ते दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

अंगणात पुढचं डावं चाक काढलं. आधी कंपनीची रिम पालथी टेकवली. मागच्या दोन काठांवर मामांनी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत व्हर्नियरची खोलीची दांडी सोडली. मिळालेल्या आकड्यातून रिमच्या एकूण रुंदीचे निम्मे वजा केले की ऑफसेट निघतो. एकूण रुंदी म्हणजे टायर बसतं ती रुंदी नव्हे. दोन्ही बाजूंच्या कडा धरून ती साधारण एक इंच जास्त असते. साडेपाच जेची एकूण साडेसहा इंच, म्हणजे १६५, निम्मे साडेब्याऐंशी. दांडी एकशे सत्तावीस आणि एकशे अठ्ठावीसच्या मधे थांबली. वजा केले, पंचेचाळीस आले. ओतलेला आकडा खरा निघाला, तेव्हा मामांना कंपनीचं कौतुक वाटलं आणि भाच्याला मामांचं. ही पट्टी-व्हर्नियरची युक्ती सेकंडहँड रिमा घेणाऱ्यांनी जरूर शिकावी, कारण तिथे आकडे घासून काढलेले किंवा रंगाखाली बुजलेले असतात.

मग चाक परत चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, टायर आणि स्ट्रट यांच्यामधली फट पाहिली. ती बोटभर होती. मागच्या सीटवर दोन शेजारी बसवले, डिकीत नागपूरला जाण्याइतकं सामान भरलं, आणि मागच्या चाकाच्या वर मडगार्डचा काठ किती खाली येतो ते पाहिलं. रिकाम्या गाडीत जो काठ टायरपासून छान लांब दिसतो, तो भरल्या गाडीत स्पीडब्रेकरवर टायरला भेटतो. दुकानात गाडी नेहमी रिकामी उभी असते.

भाचा : म्हणजे आत तीन-चार मिलिमीटर चालतील, बाहेर दहा-बारा. मग साडेसहा जे घेतली तर?

मामा : ईटी?

भाचा : चाळीस धरतो. टायर एकशे पंच्याण्णवच, साडेसहावर साधारण दोनशे भरेल. निम्मे शंभर. बाहेर शंभर उणे चाळीस, साठ. जुने साडेसत्तेचाळीस होते. साडेबारा बाहेर. आत एकशे चाळीस, जुने साडेएकशे सदतीस, अडीच आत. मध्य पाच मिलिमीटर हलला.

मामा : पाच चालतील. पाचाला मी भांडणार नाही.

भाचा : रेल्वेत दोन चालतात!

मामा : तुझी गाडी रुळावर नाही ना.

टायरचा व्यासही मी तपासून पाहिला. १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२१ मिलिमीटर, १९५/६० आर १५ चा ६१५. एक टक्क्याचा फरक, स्पीडोमीटरला जाणवणार नाही. ‘साडेसहा जे, ईटी चाळीस’ हा आकडा मात्र या एका गाडीच्या मोजणीतून निघालेला आहे. तो उचलून आपल्या गाडीला लावू नये. आपल्या रिमच्या पाठीवर जे ओतलंय तिथून सुरुवात करावी.

भाचा : एक शेवटचं. स्पेसर टाकले तर? कंपनीचीच रिम, वीस मिलिमीटरचा स्पेसर, स्वस्तात काम.

मामा : वीसचा स्पेसर म्हणजे ईटी पंचेचाळीसचा ईटी पंचवीस. फिरून तिथंच आलास. वर स्टडची लांबी वीस मिलिमीटर कमी झाली. बारा मिलिमीटरच्या स्टडला नट निदान बारा मिलिमीटर आत चढला पाहिजे. सुझुकीच्या आट्याचं अंतर सव्वा मिलिमीटर आहे, म्हणजे नऊ-दहा पूर्ण फेरे. नट हातानं फिरवून फेरे मोज. पाच-सहा फेऱ्यांत घट्ट झाला, तर ते चाक माझ्या बहिणीला बसवून न्यायचं नाही.

भाचा : आणि नट कुठलेही चालतात ना?

मामा : होंडा-टोयोटाच्या आट्याचं अंतर दीड मिलिमीटर असतं. ते नट सुझुकीच्या स्टडवर पाना जोरानं मारला की चढतात, आणि स्टड खाऊन टाकतात. शिवाय मधलं भोक बघ. तुझ्या हबचा गोल ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारी रिमांची भोकं बरेचदा ७३.१ ची असतात, म्हणजे सगळीकडून साडेनऊ मिलिमीटर मोकळी. त्यात हब रिंग बसव, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी ताशी ऐंशीला स्टिअरिंग थरथरेल.

पीसीडीचीही एक गोष्ट जाता जाता सांगतो. फियाटच्या पुंटो-पालिओची पीसीडी चार बाय ९८, बाकी बऱ्याच छोट्या गाड्यांची चार बाय १००. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि नट दाबून बसवता येतात, म्हणून शंभरच्या रिमा फियाटला लावलेल्या मी पाहिल्या आहेत. एक नट नीट बसतो, बाकीचे तिरपे.

कायद्याचा मुद्दा मामांनी काढला नाही, तो माझा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यावर भाच्याचं उत्तर ठरलेलं होतं : ‘आरसीवर ऑफसेट कुठं लिहिलेला असतो?’ नसतो, हे खरं. चौकातला शिपाई व्हर्नियर घेऊन उभाही नसतो. पण मडगार्डच्या बाहेर आलेलं टायर त्याला लांबून दिसतं आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला त्याहून स्पष्ट दिसतं. बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर दावा अडतो, आणि तेव्हा आरसी दाखवून उपयोग नसतो.

‘जेडब्ल्यूएल’ ही जपानी प्रवाशी गाड्यांच्या हलक्या धातूच्या चाकांसाठीची खूण आहे. आपल्याकडे अशा चाकांच्या चाचण्यांचे मापदंड पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने काढलेल्या मानकांत आहेत आणि शिक्रापूरजवळ एनकेईसारख्या कंपनीचा कारखाना आहे. चांगली रिम इथे होतच नाही, असं समजायचं कारण नाही. मात्र नुसती खूण ओतणं कुणालाही जमतं. खुणेशेजारी कमाल भार लिहिलेला नसेल तर ती रिम मी घेणार नाही. मग ती कितीही देखणी असो.

माझा कौल? मध्याच्या बाबतीत मामा बरोबर. हौसेच्या बाबतीत भाचा बरोबर, कारण चाक थोडं बाहेर येऊ शकतं हे त्यानेच मामांकडून वदवून घेतलं. सात जे, ईटी पंचवीस ही जोडी या गाडीसाठी चुकीची होती आणि ती रद्द झाली. टोकन परत मिळालं नाही, त्याच पैशात दुकानातून हब रिंगा आणि सव्वा मिलिमीटरचे नट घेतले. साडेसहा जे, ईटी चाळीसची रिम मिळेपर्यंत गाडी कंपनीच्याच चाकांवर रायपूरला जाते आहे.

तुम्ही रिमा घ्यायला निघाल तेव्हा जुन्या रिमवरचे आकडे, मधल्या भोकाचं माप आणि आट्याचं अंतर चिठ्ठीवर लिहून न्या. नवी रिम पालथी करून वाचा. दुकानदाराला सांगून एकच रिम टायरसकट पुढच्या चाकाच्या जागी चढवून घ्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे माणसं बसवून पाहा. चारही लावून घेतल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. जो दुकानदार एक रिम चढवून दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. जीई रोडवर दुकानांची कमतरता नाही.